गुरुदासच्या शिरोड्याच्या फेऱ्या

गुरुदास मेतर हा बर्फाचा माणूस. बर्फ विकणारा नव्हे. बर्फाच्या कारखान्यातलं यंत्र बंद पडलं की ज्याला फोन जायचा, तो. मालवणच्या आयटीआयमध्ये शिकला, कणकवलीच्या एका एजन्सीत चिकटला, आणि मग मोटारसायकलच्या मागे अवजारांची पेटी बांधून देवगडपासून शिरोड्यापर्यंतचा किनारा त्याने आपला करून टाकला. होड्या मासळी घेऊन बंदरात उभ्या आणि कारखान्यात बर्फ नाही, अशी वेळ आली की भलाभला शेटही रडवेला होतो. त्यामुळे गुरुदास पोचला की आधी शहाळं यायचं, मग चहा यायचा, आणि कॉम्प्रेसर पुन्हा धडधडायला लागला की शेट खूश होऊन विचारायचे, "बोल गुरुदास, सांजवेळा काय घेवक व्हया?"

गुरुदास म्हणायचा, "बियर."

मग शेटचा चेहरा पडायचा. जिल्ह्यात प्यायला काही कमी नव्हतं. माडी होती, काजूची होती, पोलीस ठाण्याच्या मागच्या बाजूलाही मिळेल अशी नाव नसलेली दारू होती. पण बियर ही गोष्ट तिकडे कोणी मनावर घेत नसे. बियर पिणारा माणूस एकतर आजारी असावा किंवा मुंबईचा, असा सगळ्यांचा समज होता. गुरुदास दोन्ही नव्हता.

ही लागण त्याला झाली बंगळूरला. अठ्ठ्याण्णव साली एजन्सीने त्याला नवीन यंत्रांच्या शिक्षणासाठी तिकडे पाठवलं. वर्गात शेजारी बसणारा कोईमतूरचा एक गडी त्याला एका संध्याकाळी नळाची बियर मिळते त्या ठिकाणी घेऊन गेला. नळ ओढला, पेला भरला, वर फेस आला. गुरुदासने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवून त्याकडे बराच वेळ बघत बसला. कोईमतूरच्या गड्याला वाटलं, बियर बाधली. पण तसं काही नव्हतं. आपण आजवर बियर म्हणून काय पीत होतो, याचा गुरुदास विचार करत होता. दुसऱ्या दिवशी तो तिथे एकटाच गेला.

मालवणात परत आल्यावर त्याने पहिल्यांदा परमिट रूममधली बाटली नीट निरखून पाहिली. लेबल उन्हाने पांढरं पडलेलं. फ्रिज होता, पण दिवसातले निम्मे तास वीज नसायची, म्हणून फ्रिजमध्ये मालकाने हिशेबाच्या वह्या ठेवल्या होत्या. गुरुदासने विचार केला, थंड करण्याचं काम आपल्याहून चांगलं कोण करणार? त्याने ती बाटली कारखान्यातल्या मिठाच्या पाण्यात, बर्फाच्या लाद्यांशेजारी सोडली आणि कडकडीत गार करून प्यायला. तेव्हा त्याला कळलं की शिळी बियर गार केली की गार शिळी बियर तयार होते.

तेव्हापासून तो जाईल तिथे एकच चौकशी करायचा : इथे कोणी घरी बियर करतं का? आचऱ्याला त्याला पहाटेची माडी पाजण्यात आली. छान होती, पण माडी होती. वेंगुर्ल्याच्या एका निवृत्त मास्तरांनी स्वतः केलेली द्राक्षाची वाईन काढली. ती खोकल्याच्या औषधाच्या फार जवळची होती आणि मास्तर ती खोकल्यावरच घेत होते. बांद्याच्या एका ट्रकवाल्याने त्याला हद्दीपलीकडे गोव्यात नेलं. तिथे बाटली स्वस्त होती, पण बाटली तीच होती. गुरुदास सगळं गंभीरपणे प्यायचा आणि मत विचारलं तर खरं सांगायचा. त्यामुळे त्याला मत दुसऱ्यांदा कोणी विचारत नसे.

अशी चार वर्षं गेली.

दोन हजार दोनच्या जानेवारीत शिरोड्याच्या सत्यवान शेटच्या कारखान्यातलं यंत्र अडलं. बर्फाच्या यंत्रात अमोनिया वायू असतो, आणि तो कुठून गळतोय हे शोधायला पहिलं हत्यार म्हणजे नाक. गुरुदास यंत्राच्या खोलीत शिरला, डोळे मिटले आणि वास घ्यायला लागला. अमोनिया होताच. पण त्याच्या खालून दुसराच एक वास येत होता : खरपूस भाजलेल्या भाकरीचा, आणि त्यात काहीतरी आंबूस. त्याने गळती सोडली आणि त्या वासामागे गेला. मोटारीच्या मागे, ऊब लागेल अशा जागी, गोणपाटात गुंडाळलेलं एक मडकं होतं.

"ह्यां काय?" त्याने यंत्रावरच्या माणसाला विचारलं.

"तां साल्वादोरबाबाचा पीठ. थंडीत फुगणा नाय म्हणान हय आणून ठेवतत. पाव करतत."

गुरुदासने बोट बुडवलं आणि चाटलं. "पाव नाय करणत," तो म्हणाला.

आधी त्याने यंत्र दुरुस्त केलं, कारण तो कामाचा माणूस होता. मग मडकं काखेत मारून साल्वादोरबाबाचं घर विचारत निघाला. माडांच्या बागेत, विहिरीपलीकडे, बसकं कौलारू घर होतं. पडवीत सत्तरीचा एक उंच, वाळका म्हातारा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून खुर्चीवर बसला होता. मडकं बघताच तो उठून उभा राहिला.

"ह्यां कित्याक आणलंस? आजून दोन दीस थंय ऱ्हवाक व्हया होतां."

"बियर मां ही?" गुरुदासने विचारलं.

म्हाताऱ्याने त्याच्या मागे रस्त्यापर्यंत नजर टाकली. "तू एक्साइजचो?"

"नाय. बर्फाचो."

साल्वादोर फर्नांडिसने या उत्तरावर थोडा विचार केला आणि म्हणाला, "बस."

साल्वादोर आणि त्याची बायको आपोलिना यांचं तारुण्य आफ्रिकेत गेलं होतं, युगांडातल्या कंपालात. तो रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. तिकडे नाचणी आपल्याइतकीच पिकते आणि नाचणीची बियर घरोघरी होते. पीठ भिजवून आंबवायचं, कढईत खरपूस भाजायचं, मग मोड आणून वाळवलेली नाचणी दळून त्यात घालायची आणि पाणी ओतून मडकं झाकून ठेवायचं. आपोलिना ते शेजारणीकडून शिकली. मग बहात्तर साली तिथल्या सरकारने हिंदी लोकांना देशाबाहेर घालवलं. गणवेशातले दोघे दारात आले, आणि वीस वर्षांचा संसार एका सुटकेसमध्ये भरून हे दोघं शिरोड्याला परत आले. बाकी सगळं तिकडे राहिलं. नाचणी मात्र इथेही होती.

"तेका थंय मालवा म्हणतत," साल्वादोर म्हणाला.

"मी मालवणचो," गुरुदास म्हणाला.

"तेचो काय संबंध नाय."

आपोलिना आतून किटली घेऊन आली. ती लहानखुरी, पांढऱ्या केसांची, फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली बाई होती. तिने दुसऱ्या एका तयार मडक्यात किटलीतलं कढत पाणी ओतलं. साल्वादोरने अंगणातल्या पपईची दोन पानं तोडली, त्यांचे लांब पोकळ देठ मडक्यात खोचले आणि एक देठ पाहुण्याकडे वळवला. बियर गरमच प्यायची आणि नळीनेच ओढायची, अशी तिकडची रीत होती.

गुरुदासने ओढली. गरम होती, दाट होती, आंबट होती, आणि नाचणीचा चोथा दातात येत होता. पण या सगळ्याच्या मागे, लांब कुठेतरी, बंगळूरच्या त्या पेल्यातलं काहीतरी होतं. पपईच्या देठाचा कडवटपणा तर थेट तिथलाच.

"कशी आसा?" साल्वादोरने विचारलं.

"वायट," गुरुदास म्हणाला. "पण बियर आसा."

तीस वर्षांत साल्वादोरच्या बियरला बियर म्हणणारा हा पहिला माणूस. गावातले लोक तिला बिघडलेली आंबील म्हणायचे. साल्वादोरने गुरुदासचा 'वायट' सोडून दिला आणि 'बियर' ठेवला. गुरुदास उठताना मात्र तो फाटकापर्यंत आला. "एक सांगतंय. ह्यां कोणाक सांगा नको. परवानो नाय माझ्याकडे, आणि दारात परत युनिफॉर्म बघूची माझी ताकद नाय. सांगलंस तर हय येव नको."

गुरुदासने शब्द दिला.

तिथून शिरोड्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. महिन्यातून एकदा तरी गुरुदास वाट वाकडी करून जायचा, आणि दोघांचा वाद व्हायचा. गुरुदासचं म्हणणं, बियर गार हवी. साल्वादोर म्हणायचा, गार पिण्यासाठी देवाने पाणी दिलंय. गुरुदास म्हणायचा, गाळली पाहिजे. साल्वादोर म्हणायचा, मग उरलं काय? आपोलिना काही म्हणायची नाही. ती स्वतः थेंबभरही घेत नसे. पण पुढच्या खेपेला मडक्यातली बियर दुहेरी फडक्यातून गाळलेली असायची आणि साल्वादोर तोंड वाकडं करून बसलेला असायचा.

गाळल्यावर फेस जायचा. यावर गुरुदासने सावंतवाडीच्या एका जुन्या सोडावाल्याकडून गोटीच्या बाटल्या पैदा केल्या. थोडा गूळ घालून बाटली भरायची आणि उलटी ठेवायची. आतला वायू वाढला की तोच गोटीला गळ्याशी दाबून धरतो. पहिल्या खेपेला गूळ जास्त झाला. तीन बाटल्या फुटल्या आणि साल्वादोर खाटेखाली गेला. दुसऱ्या खेपेला जमलं. पपईचा देठ गेल्याने कडवटपणाही गेला होता, तर आपोलिनाने किराईताची एक काडी घालून पाहिली. तापावर देतात तीच. ती बियर इतकी कडू झाली की मडकं माडाच्या बुंध्यात ओतावं लागलं. मग काडीचा तुकडा झाला, तुकड्याचं नखभर झालं, आणि दोन हजार चारच्या डिसेंबरात एके दुपारी गुरुदासने कारखान्यात गार केलेली एक बाटली उघडली, पेल्यात ओतली, घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"काय झालां?" साल्वादोरने घाबरून विचारलं.

"काय नाय," गुरुदास म्हणाला. "झाली."

साल्वादोरने गार बियरचा घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. "थंड आसा," तो नाखुशीने म्हणाला, आणि पेला संपवला.

इकडे मालवणात वेगळंच काही शिजत होतं.

गुरुदास तेव्हा छत्तिशीला आला होता आणि त्याचं लग्न झालेलं नव्हतं. वडील तो लहान असताना वारले. आई चंद्रावती हिने बाजारात मासे विकून त्याला वाढवलं. ती मोठ्या आवाजाची आणि कमी शब्दांची बाई होती. घरात सून नाही हे तिला सलत होतं, पण मुलगा महिन्यातले वीस दिवस बाहेर, तर बघायला जायचं कधी?

मालवणच्या कारखान्यात यंत्रावर लवू नावाचा माणूस होता. त्याला एकदा सत्यवान शेटशी फोनवर बोलताना कळलं की शिरोड्याचं यंत्र गेली दोन वर्षं ठणठणीत आहे. मग गुरुदास दर महिन्याला शिरोड्याला कशाला जातो? लवूने यावर एक रात्र विचार केला आणि सकाळी मासळी बाजाराला उत्तर दिलं : शिरोड्यात बाई आहे.

बातमी चंद्रावतीपर्यंत पोचायला बाजाराची एकच रांग ओलांडायची होती. तिचा विश्वास बसला नसता. पण नाताळात गुरुदास शिरोड्याहून दोदोल आणि नेवऱ्या असं गोडधोड घेऊन आला होता. बाजारातल्या पुड्या नव्हत्या. केळीच्या पानात नीट बांधलेल्या, दोऱ्याची गाठ बाईमाणसाने मारलेली. चंद्रावतीने ते दोदोल खाल्लं होतं आणि चांगलं लागलं होतं, हे तिला आता जास्त लागलं.

ती मुलाला काही बोलली नाही. तिने घाईने एक स्थळ काढलं. आचऱ्याच्या हरिश्चंद्र तांडेलांची योगिनी. सरकारी दवाखान्यात नर्स, बत्तिशीची, चष्म्यातून सरळ बघणारी. बघण्याचा कार्यक्रम झाला. पोहे झाले. हरिश्चंद्रांनी घसा साफ करून बैठकीतल्या मराठीत विचारलं, "एक ऐकलंय. शिरोड्याला आपलं नेहमी जाणं असतं म्हणे?"

"असतं," गुरुदास म्हणाला.

"कामानिमित्त?"

गुरुदासला खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं बोलायची मोकळीक नव्हती. त्याने पोह्यांचा एक घास घेतला.

"कोण आहे तिकडे?" योगिनीनेच विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," गुरुदास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नकार आला. नंतरची दोन स्थळं तर पोह्यांपर्यंतही पोचली नाहीत.

दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये, ऐन उन्हात, गुरुदास साल्वादोरच्या पडवीत बसला होता. समोर पेला होता. गार बियर चांगली हे म्हाताऱ्याने कबूल केलं होतं, पण गुरुदाससमोर नाही. ते आपोलिनाने सांगितलं होतं. तेवढ्यात फाटक वाजलं. गुरुदासने वर पाहिलं, तर बागेतल्या वाटेने त्याची आई येत होती. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मालवणहून शिरोड्याला यायचं तर दोन एसट्या बदलाव्या लागतात. चंद्रावती त्याआधी कुडाळच्या पलीकडे कधी एकटी गेली नव्हती, आणि इथवर ती बर्फाच्या कारखान्यात विचारत आली होती.

ती अंगणात उभी राहिली. मुलाकडे बघितलं नाही. साल्वादोरला म्हणाली, "तिका भायर बोलव."

"कोणाक?"

"माका सगळां म्हायत आसा. मी भांडूक येवक नाय. तिका भायर बोलव."

साल्वादोरने आत तोंड करून हाक मारली. "आपोलिना! तुका बोलयतत."

आपोलिना बाहेर आली. हात पिठाने भरलेले, कपाळावर पांढरे केस. चंद्रावतीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग तिच्या मागच्या दाराकडे पाहिलं. दारात दुसरी, तरणी बाई कोणी आली नाही.

"हिची चेडवा खंय आसत?"

"आमका चेडू नाय," आपोलिना म्हणाली. "एक झील, सॅविओ. तो कॅनडाक आसा."

"घरात आणि कोण?"

"कोंबड्यो आसत," साल्वादोर म्हणाला.

चंद्रावती पडवीच्या पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली, तिच्यातून कागदात गुंडाळलेली एक साडी काढली, आणि ती तशीच हातात धरून राहिली. मोतिया रंगाची, बारीक काठाची, चांगल्यातली साडी होती.

"मियां मन घट केलेलां," ती कोणाकडेच न बघता म्हणाली. तिचा आवाज बाजारातला नव्हता. "म्हटलां, किरिस्तांव तर किरिस्तांव. घोवान टाकलेली तर टाकलेली. पोरां आसली तर तीय घेवन येवंदे. झिलाक सांगूक लाज वाटता तर मीच जातंय आणि तिका घरात घेवन येतंय. रात्री झोप नाय माका. आणि हय कोणच नाय?"

"कोण नाय, आये," गुरुदास म्हणाला.

"मगे तू हय येतस कित्याक?"

गुरुदासने साल्वादोरकडे पाहिलं. साल्वादोरने पुष्कळ वेळ आपल्या शर्टाच्या बाहीचं बटण चाचपलं, आणि होकाराची मान हलवली. मग गुरुदासने समोरचा पेला उचलून आईच्या हातात दिला.

ती सकाळपासून दोन एसट्यांत उकडून निघाली होती. तिने पेला तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली आणला.

"आंबील बरी आसा," चंद्रावती म्हणाली. "पण मीठ घालूक व्हया."

त्यानंतर तिला रडू आलं. ते कशाचं, हे गुरुदासला नीट कळलं आणि म्हणूनच त्याला तिथे बसवेना. आपल्यापायी एक कल्पनेतली बाई, तिची पोरं, तिचा धर्म, हे सगळं या बाईने महिनोन्‌महिने जागून मनात सामावून घेतलं होतं, आणि आपण तिला एक शब्द सांगितला नाही. तो विहिरीवर गेला, गरज नसताना दोन कळशा ओढल्या आणि परत आला. तोवर आपोलिना चंद्रावतीला आत घेऊन गेली होती. साल्वादोर एकटाच बसला होता.

"तुझी आवस सगळी प्यायली," तो म्हणाला. तक्रार होती की कौतुक, ते समजत नव्हतं.

आत चुलीपाशी दोघी बायका बोलत होत्या. चंद्रावती विचारत होती, नाचणीला मोड आणताना फडकं ओलं ठेवायचं की दमट. आणलेली वस्तू परत न्यायची नाही म्हणून तिने साडी आपोलिनाच्या हातात ठेवली, आणि आपोलिनाने आयुष्यभर फ्रॉकच घातला असूनही ती घेतली.

घरी परतल्यावर चंद्रावती दोन दिवस मुलाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती आचऱ्याला गेली, सरळ दवाखान्यात, आणि रांगेत बसली. नंबर आल्यावर योगिनीने विचारलं, "काय होतंय?"

"माका काय जाला नाय. माझ्या झिलाचा शिरोड्यात कोण नाय. तो थंय एका म्हाताऱ्याकडे आंबील पिऊक जाता."

योगिनीने चष्मा काढून पुसला. "आंबील?"

"तो बियर म्हणता. तू म्हण नको."

योगिनीने हे सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली की बाई असती तर एकवेळ समजलं असतं. पण रविवारी ती मालवणात गुरुदासच्या दारात उभी होती. "मला बघायचंय," ती म्हणाली. "वडलांना मी आंबोलीला चाललेय असं सांगितलंय, तेव्हा लवकर परत यायला हवं."

साल्वादोरला आधी विचारणं भाग होतं. सत्यवान शेटच्या कारखान्यात फोन करून निरोप दिला. उत्तर आलं, नर्स असेल तर येऊ दे, गुडघा दाखवायचाय. योगिनीने आधी गुडघा बघितला. मग मडकी बघितली, फडकी बघितली, उलट्या ठेवलेल्या बाटल्या बघितल्या, आणि फडकी उकळत्या पाण्यातून काढायला हवीत असं सांगितलं. मग अर्धा पेला घेतला.

गुरुदास तिच्याकडे बघत होता. तीन वर्षांत त्याने कोणाच्या मताची अशी वाट पाहिली नव्हती.

"आंबट आहे," योगिनी म्हणाली.

"थोडी," गुरुदास म्हणाला.

"थोडी नाही. पण एवढ्यासाठी तुम्ही तीन स्थळं घालवलीत?"

"शब्द दिला होता."

उरलेला अर्धा पेलाही योगिनीने घेतला. परतताना मोटारसायकलवर, वेंगुर्ल्याच्या अलीकडे, तिने मागून विचारलं, "मला न सांगता येण्यासारखं आणखी काही आहे?"

गुरुदासने बराच वेळ प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," तो म्हणाला. पुढच्या वळणावर म्हणाला, "मला मासे साफ करता येत नाहीत."

"मासळीवाल्या बाईचा मुलगा?"

"आई करू देत नाही."

दोन हजार सहाच्या मे महिन्यात लग्न झालं. हरिश्चंद्र तांडेलांना काय सांगण्यात आलं हे कोणालाच ठाऊक नाही, पण मंडपात ते साल्वादोरच्या शेजारी बसले होते आणि दोघं गुडघ्यांविषयी बोलत होते. लवूने जेवणाच्या पंगतीत शेजारच्याला सांगितलं की शिरोड्याची बाई सोडली, बरं झालं. त्याला कोणी दुरुस्त केलं नाही.

मग फेऱ्यांना चंद्रावतीही यायला लागली. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या की पावसाळ्यात बाजार थंड असतो, तेव्हा ती आठ-आठ दिवस शिरोड्याला राहायची. साल्वादोरची तक्रार होती की दोन बायकांमध्ये त्याला स्वतःच्या घरात बोलायला मिळत नाही. चंद्रावती मालवणला आली की तिच्या हाताला भाजक्या नाचणीचा वास यायचा, आणि बाजारातल्या बायका विचारायच्या तर ती सांगायची, मैत्रिणीकडे गेलेलंय.

दोन हजार आठ साली सॅविओने आईवडलांना कॅनडाला बोलावून घेतलं. साल्वादोरच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं होतं आणि मागे बघणारं इथे कोणी नव्हतं. साल्वादोर जायला तयार नव्हता. एकदा सुटकेस भरली ती पुरे, असं तो म्हणायचा. शेवटी आपोलिनानेच भरली. ती निघायच्या आदल्या आठवड्यात चंद्रावती शिरोड्याला गेली, आणि दोघींनी मिळून शेवटचं मडकं लावलं. कोण कोणाला काय म्हणालं ते गुरुदासला माहीत नाही. तो बाहेर साल्वादोरबरोबर बसला होता. विमान गोव्याहून होतं. गुरुदास त्यांना बांद्यापर्यंत सोडायला म्हणून निघाला आणि दाबोळीपर्यंत गेला.

आता मडकं मालवणात लागतं, परसात, चंद्रावतीच्या देखरेखीखाली. फडकी योगिनी उकळून देते. बियर शिरोड्यासारखी होत नाही. पाणी वेगळं म्हणा, हात वेगळा म्हणा. शिवाय चंद्रावती कोणाचं लक्ष नसताना तिच्यात चिमूटभर काहीतरी टाकते आणि विचारलं तर कबूल होत नाही. गुरुदासने एकदा मत दिलं होतं. पुढच्या मडक्यातली त्याला मिळाली नाही. त्यानंतर तो मत देत नाही.

गेल्या पावसाळ्यात एकदा साल्वादोरचा फोन आला. गुडघे बरे होते. तिकडे शेजारचा एक गोरा माणूस आपल्या गॅरेजात उघडपणे बियर करतो, पाईप, थर्मामीटर सगळं लावून, आणि रविवारी लोकांना बोलावून पाजतो, असं तो सांगत होता.

"कशी आसा?" गुरुदासने विचारलं.

"बरी आसा," साल्वादोर म्हणाला. "लय थंड करता." मग त्याने विचारलं, "बांगडो पडता मरे?"

"होडये आजून भायर काढूक नाय, बाबा. नारळी पुनवेनंतर."

"व्हय, व्हय. विसारलंय."

मग फोन आपोलिनाने घेतला म्हणून इकडे चंद्रावतीने घेतला. कॅनडा लांब आहे हे तिला माहीत होतं, त्यामुळे ती तेवढ्याच मोठ्याने बोलत होती. शेजारपाजारच्या सगळ्यांना ऐकू जात होतं की या खेपेची नाचणी काळी निघाली. गुरुदासने रेनकोट चढवला, पेटी मोटारसायकलला बांधली आणि देवगडच्या वाटेला लागला. तिथलं एक यंत्र उघडून ठेवलं होतं, आणि होड्या बाहेर पडायच्या आत ते जोडून चालू करायला हवं होतं.